डाउनलोड्सचा पसारा, चाळीस ओळींचा उतारा

फोनमधले फोटो, नोट्सच्या पीडीएफ, फॉर्मसाठी स्कॅन केलेले दाखले. सगळं एकाच फोल्डरात कोंबलेलं. ते आवरायला ॲप शोधताय? थांबा. थोडीफार जावास्क्रिप्ट येत असेल तर हे टूल तुम्हीच लिहू शकता. फक्त एक सवय आधी लावून घ्या.

लॅपटॉप जवळ असेल तर डाउनलोड्सचं फोल्डर उघडा बरं.

काय दिसतंय? एकाच पीडीएफच्या तीन कॉप्या. एकीच्या नावापुढे कंसात १, दुसरीपुढे कंसात २. मग 'प्रोजेक्ट फायनल', 'प्रोजेक्ट फायनल नवीन' आणि 'प्रोजेक्ट खरंच फायनल'. व्हॉट्सॲपवरून आलेले, नावात नुसते आकडे असलेले शेकडो फोटो. आणि या गर्दीत कुठंतरी तुमचा उत्पन्नाचा दाखला. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत उद्या संपणार असते, दाखला कसाबसा सापडतो, आणि अपलोड करताना पोर्टल म्हणतं, फाइल फार मोठी आहे.

तुम्ही पिंप्राळ्यात राहत असा, नाहीतर चोपडा-अमळनेरहून रोज जळगावला अप-डाउन करत असा, हे चित्र सगळीकडं सारखंच. मग आपण काय करतो? एकेक फाइल उघडून बघतो, एकेकीचं नाव बदलतो. तासाभरानं कंटाळून 'नंतर करू' म्हणतो. तो 'नंतर' काही येत नाही.

खरं तर एकच काम दोनशे वेळा करायचं असेल, तर ते माणसानं करायचं कामच नाही. ते कॉम्प्युटरला सांगता येतं. आणि सांगण्यासाठी लागणारी भाषा तुमच्यापैकी अनेकांनी बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनीअरिंगला असताना शिकलेली असते. जावास्क्रिप्ट. फरक इतकाच, की ती वेबपेजवरचं बटण हलवण्यापुरतीच वापरायची असते असा आपला समज असतो.

ब्राउझरच्या बाहेर पडलेली भाषा

जावास्क्रिप्ट जन्मली १९९५ मध्ये. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या १० दिवसांत उभा केला. पुढं कितीतरी वर्षं ती ब्राउझरच्या चार भिंतींतच राहिली. आणि ते योग्यही होतं. कुठलीही वेबसाइट उघडल्यावर तिनं तुमच्या डी ड्राइव्हमध्ये डोकावावं, असं तुम्हाला तरी चालेल का?

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड डॉट जेएस आणलं. गुगल क्रोममध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं जे व्ही-एट इंजिन आहे, तेच त्यांनी ब्राउझरबाहेर काढलं आणि त्याला फाइल वाचण्या-लिहिण्याची, नेटवर्कशी बोलण्याची सोय जोडून दिली. नोड फुकट मिळतं. एकदा इन्स्टॉल केलं की विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये किंवा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'नोड' आणि पुढं आपल्या फाइलचं नाव लिहायचं, की प्रोग्राम चालू.

त्या काळ्या खिडकीला घाबरायचं कारण नाही. तिथं बटणं नाहीत, मेन्यू नाहीत, रंगरंगोटी नाही. म्हणूनच तिथं टूल बनवणं सोपं असतं. स्क्रीन सजवण्यात तुमचा एक मिनिटही जात नाही, सगळं डोकं कामावर राहतं.

पहिलं टूल : फक्त बघणारं

सुरुवात अशा टूलपासून करा, जे कशालाही हात लावत नाही. नुसतं बघतं आणि सांगतं. उदाहरणार्थ, 'या फोल्डरात ठराविक केबीपेक्षा मोठ्या फाइली कुठल्या?' फॉर्म भरण्याच्या आदल्या रात्री याची किंमत कळते.

असं टूल लिहायला तीनच प्रश्नांची उत्तरं लागतात.

पहिला प्रश्न, कुठलं फोल्डर? कमांड लिहिताना तुम्ही पुढं जे शब्द टाइप करता, ते नोड 'प्रोसेस डॉट आर्गव्ही' नावाच्या यादीत ठेवतं. यादीतली पहिली जागा नोडच्या स्वतःच्या पत्त्याची, दुसरी तुमच्या प्रोग्रामच्या पत्त्याची. तुमचे शब्द तिसऱ्या जागेपासून सुरू होतात. म्हणून सगळे जण ही यादी 'स्लाइस दोन' करून घेतात. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर नाव अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर एका नावाचे दोन शब्द होतात आणि टूल भलतंच फोल्डर शोधत बसतं.

दुसरा प्रश्न, आत काय आहे? त्यासाठी नोडमधलं 'एफएस' हे मॉड्यूल. एफएस म्हणजे फाइल सिस्टीम. त्यातलं 'रीडडिर' फोल्डरातल्या सगळ्या नावांची यादी देतं आणि 'स्टॅट' एकेका फाइलची कुंडली मांडतं : आकार किती, शेवटचा बदल कधी, ही फाइल आहे की आणखी एक फोल्डर.

तिसरा प्रश्न, दाखवायचं काय? आकार बाइटमध्ये मिळतो. त्याला १०२४ ने भागलं की केबी. मर्यादेपेक्षा मोठी असेल तर नाव छापा, नसेल तर पुढं चला.

झालं. वीस-पंचवीस ओळी. हातानं फोल्डरचं नाव आणि फाइलचं नाव चिकटवून पत्ता बनवू नका, त्यासाठी 'पाथ' मॉड्यूलमधलं 'जॉइन' वापरा. विंडोजमध्ये तिरकी रेघ एका बाजूला झुकते, लिनक्समध्ये दुसऱ्या. जॉइनला ते कळतं. एक्स्टेन्शन तपासताना सगळं स्मॉल लेटरमध्ये आणून मग तपासा, कारण एक कॅमेरा 'जेपीजी' कॅपिटलमध्ये लिहितो आणि दुसरा स्मॉलमध्ये.

दुसरं टूल : इथं मोगरी लागते

बघून झालं. आता नावं बदलायची. 'रिनेम' नावाचं फंक्शन आहे, ते हे काम पापणी लवायच्या आत करतं. हाताने दोन तास लागणारं काम एका सेकंदात होतं. आणि धोकाही नेमका इथंच आहे.

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो. रथोत्सव पाहिलेल्याला माहिती असतं, की ओढणारे हात शेकडो असले तरी रथ आवरायचं, वळवायचं, थांबवायचं काम मोगरीवाल्यांचं. चाकाखाली नेमक्या वेळी लाकडी मोगरी सरकवणारे ते. एवढा जड रथ गर्दीतून, अरुंद रस्त्यावरून सुखरूप जातो तो त्यांच्या जिवावर.

तुमच्या टूललाही मोगरी हवी. कारण ऐका.

रिनेम करताना त्याच नावाची फाइल आधीच तिथं असेल, तर नोड तुम्हाला विचारत नाही. जुनी फाइल पुसली जाते आणि नवी तिच्या जागी बसते. विंडोजची खिडकी जसं 'या नावाची फाइल आहे, बदलू का?' असं विचारते, तसं इथं कुणी विचारत नाही. समजा तुम्ही ठरवलंत की सगळ्या फोटोंना त्या-त्या तारखेचं नाव द्यायचं. एका दिवशी ४० फोटो काढलेले असतील, तर एकामागून एक सगळे त्याच नावावर येऊन बसतील. शेवटी उरेल एक. बाकीचे ३९ गेले.

डिलीटचंही तसंच. नोडच्या 'अनलिंक'नं उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती थेट जाते.

म्हणून अनुभवी प्रोग्रामर एक पद्धत पाळतात. तिला 'ड्राय रन' म्हणतात. आपल्या खान्देशी सुरात सांगायचं तर, आधी देख, मंग कर. टूल चालवलं की त्यानं फक्त सांगायचं : 'या नावाचं ते नाव करणार आहे, या दोन नावांची टक्कर होतेय, ही फाइल सोडून देतोय.' खरं काम तेव्हाच करायचं, जेव्हा तुम्ही कमांडच्या शेवटी मुद्दाम 'करा' असा शब्द लिहाल. लिहिला नाही, तर नुसती यादी.

प्रोग्राममध्ये हे आणायला किती कष्ट? एक 'इफ'. बस. पण जागा महत्त्वाची. 'करा' लिहिल्यावर काम होणार, हे डीफॉल्ट नसावं, अपवाद असावा. घाईत, झोपेत, मित्राशी बोलता बोलता एंटर दाबला तरी नुकसान शून्य. मोगरी चाकाखाली आधीपासून असायला हवी. रथ निघाल्यावर ती शोधायला पळून उपयोग नाही.

सोबत आणखी दोन गोष्टी करा. नवं नाव आधीपासून घेतलेलं आहे का ते तपासा, असेल तर शेवटी क्रमांक जोडा. आणि जुनं नाव, नवं नाव अशी जोडी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवत चला. उद्या वाटलं की चुकलं, तर तीच यादी उलटी वाचून सगळं पूर्ववत करणारं टूल दहा मिनिटांत लिहून होतं.

जुळ्या फाइली ओळखायच्या कशा?

एकाच फाइलच्या कॉप्या वेगवेगळ्या नावांनी पडलेल्या असतात. नावावरून त्या सापडत नाहीत. मग आतला मजकूर तपासायचा.

इथं 'क्रिप्टो' मॉड्यूल कामाला येतं. फाइलमधला सगळा मजकूर 'शा-२५६' या गणितातून काढला की एक ठराविक लांबीचा ठसा मिळतो. फाइल दोन एमबीची असो की दोन जीबीची, ठसा तेवढाच. मजकूर सारखा तर ठसा सारखा. एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा.

पण हजार फाइलींचा ठसा काढत बसलात तर वेळ लागतो. मग थोडं डोकं चालवा. दोन फाइलींचा आकारच वेगळा असेल, तर त्या जुळ्या असूच शकत नाहीत. म्हणून आधी आकारानुसार गट पाडा आणि एकाच आकाराच्या फाइलींचाच ठसा काढा. काम कितीतरी पटींनी हलकं होतं. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात 'मॅप म्हणजे काय' हे पाठ केलं असेल ना? तो मॅप इथं पहिल्यांदा हातात येतो. आकार ही किल्ली, फाइलींची यादी ही तिजोरी.

कॉम्प्युटरला 'पिंप्राळा' कसं दिसतं?

आता मराठी मुलांनाच भेटणारी अडचण. फाइलींची नावं मराठीत असली की परदेशी ट्युटोरियलमधला कोड मध्येच दगा देतो.

'पिंप्राळा' हा शब्द आपण तीन अक्षरांत वाचतो. पिं, प्रा, ळा. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारा. ती सांगते ९. कारण तिच्या लेखी वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडण्याचं चिन्ह वेगळं, काना वेगळा. त्यामुळं 'नाव फार लांब असेल तर पहिले पाचच ठेव' असं सांगितलंत, तर शब्द पाय मोडलेल्या 'प'वर तुटतो आणि स्क्रीनवर 'पिंप्' उरतं.

शिवाय युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे पिंप्राळा २७ बाइट. लिनक्सवर एका फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. आपल्या विद्यापीठाचं पूर्ण नाव, 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ', स्पेस धरून १४० बाइट होतं. निम्म्याहून जास्त जागा तिथंच संपली! पुढं विषय, वर्ष, सेमिस्टर लिहायला गेलात की टूल एरर देणार, आणि कारण माहीत नसेल तर तुम्ही रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसणार.

आकड्यांचंही तसंच. फाइलच्या नावात 'प्रकरण १२' असं देवनागरीत लिहिलं असेल, तर जावास्क्रिप्टचं 'नंबर' फंक्शन त्याला आकडा मानत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आकड्यांसाठी असलेली नेहमीची खूणही फक्त इंग्रजी आकडे ओळखते. दहा आकड्यांची छोटी तक्ता-यादी करून आधी ते बदलून घ्यावे लागतात. आणि साध्या सॉर्टला दिलंत तर '१०' हा '२'च्या आधी येतो, कारण तो शब्दकोशासारखा पहिलं चिन्ह बघतो. 'लोकेलकम्पेअर'ला 'न्यूमेरिक' हा पर्याय दिला की क्रम ताळ्यावर येतो.

सगळ्यात फसवी गोष्ट 'शेतकऱ्यांची यादी' या नावात आहे. त्यातला 'ऱ्या' कॉम्प्युटरवर एकाहून जास्त प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी नुक्ता असलेलं अक्षर येतं, दुसऱ्यावर साधा 'र' आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, टूलला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली असतात. जावास्क्रिप्टचं 'नॉर्मलाइज' यातले काही प्रकार एकसारखे करतं, पण न दिसणारं जोडचिन्ह त्यातून सुटतं. ते तुम्हालाच हाताळावं लागतं.

ही कटकट वाटते ना? दुसऱ्या बाजूनं बघा. हे प्रश्न ज्यांना पडतच नाहीत, ते त्यांची उत्तरंही लिहिणार नाहीत. मराठी फाइली नीट सांभाळणारी टूल्स मराठी फाइली वापरणाऱ्यांनीच लिहायची आहेत.

धुळ्याच्या रुमालांपासून

कागद आवरण्याची ही खटपट आपल्या भागाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांत हिंडून जुनी कागदपत्रं गोळा करायचे. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड निघाले. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. जुन्या दप्तरांत कागद कापडाच्या रुमालात बांधलेले असत. कुठला कागद कुठल्या रुमालात, कुठल्या सालचा, कुणी कुणाला लिहिलेला, याची नोंद नसेल तर कागद असून नसल्यासारखा. संशोधकाची कितीतरी वर्षं नुसतं लावून ठेवण्यात जातात.

तुमचं फोल्डर म्हणजे तुमचं दप्तर. म्हणून नाव देण्याची पद्धत आधी ठरवा. तारीख लिहायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे नावानं लावलेल्या फाइली आपोआप काळानं लागतात. त्यानंतर विषय, मग क्रमांक. 'फायनल' या शब्दावर कायमची बंदी.

एआयला सांगितलं तर?

हा प्रश्न येणारच. 'चॅटबॉटला सांगितलं की तो पाच सेकंदांत हा कोड देतो. मग शिकायचं कशाला?'

देतो, खरं आहे. घ्याही. पण तो कोड तुमच्या फोल्डरात चालणार आहे. त्यात ड्राय रन आहे का, नावांची टक्कर तपासलीय का, डिलीट कुठं लिहिलंय, हे वाचून कळायला हवं ना? फाइल गेली तर ती चॅटबॉटची जात नाही, तुमची जाते. कोड लिहिणं सोपं होत चाललंय. तो चालवण्याआधी वाचता येणं, याची किंमत वाढत चाललीय.

आणि छोट्या कोडला हसू नका. २०१६ च्या मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं. जेमतेम ११ ओळींचं. त्यावर अवलंबून असलेले जगभरातले हजारो प्रोजेक्ट त्या दिवशी बिल्ड होईनात. छोटं टूल किती जण वापरतात, यावर त्याचं वजन ठरतं.

हाच हिशेब तुमच्या बायोडेटालाही लागू आहे. यूट्यूबवर बघून केलेलं टू-डू ॲप शेकडो जणांकडे असतं. पण 'आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्या काकांकडे रोज येणाऱ्या फाइली तारखेनं लावून देणारं टूल केलंय, ते रोज वापरतात' असं वाक्य तुमचं एकट्याचंच असेल. मुलाखतीत पुढचा प्रश्न येईल, 'फाइल हरवू नये म्हणून काय केलंत?' तेव्हा तुमच्याकडे सांगण्यासारखं खरंखुरं उत्तर असेल. आणि दुसऱ्याच्या फाइलींना हात लावण्याआधी त्यांची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली, हे त्या उत्तरातलं पहिलं वाक्य असू द्या.

या रविवारी एवढंच करा

* एक नवं फोल्डर करा. त्यात तुमच्या वीस-तीस फाइलींची कॉपी टाका. सगळे प्रयोग याच कॉप्यांवर. मूळ फाइलींना हात नाही.
* नोड इन्स्टॉल करा. फोल्डरातली नावं आणि आकार दाखवणारं टूल लिहा. बाहेरचं एकही पॅकेज न घेता.
* त्याला केबीची मर्यादा घालायची सोय द्या. फोल्डर सापडलं नाही तर टूलनं सरळ मराठीत सांगावं, 'असं फोल्डर नाही.'
* पुढच्या रविवारी नाव बदलणारं टूल. आधी नुसती यादी, 'करा' लिहिलं तरच काम.
* पॅकेज फाइलमध्ये 'बिन'ची नोंद करून 'एनपीएम लिंक' चालवा. मग 'नोड' न लिहिता, तुमच्या टूलच्या नावानंच ते कुठूनही चालेल.
* शेवटी टूल अशा एकाला वापरायला द्या, ज्याला कोडिंग येत नाही. तो जिथं अडेल, ती जागा दुरुस्त करा.

टूलला नाव काय द्यायचं, ते तुम्ही ठरवा. 'मोगरी' हे नाव वाईट नाही.